आटे जुळले पाहिजेत

अक्काचा फोन रविवारी सकाळी येतो, हे आमच्याकडे ठरलेलं. गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात तो मंगळवारी रात्री साडेदहाला आला, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. पलीकडून दोनच शब्द ऐकू आले, “नीनु बा.” तू ये. तीस वर्षं रामाकोन्यात संसार करूनही अक्का घाबरली की कानडीत बोलते.

रामाकोना हे नाव आपल्या भागात फारसं कुणाच्या कानावर नसेल. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की सावनेर, सौंसर आणि पुढे रामाकोना. राज्य मध्य प्रदेश, पण घरातली बोली मराठी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, त्या दिवशी आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. पूर्वी तो छिंदवाडा जिल्ह्यात होता, २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. आपण घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलतो, तसे ते लोक घरात मराठी आणि कचेरीत हिंदी बोलतात. त्यामुळे अक्काला तिथे रुळायला वेळ लागला नाही. सीमेवरच्या माणसाला दुसरी सीमा परकी वाटत नाही.

आता बेळगावची मुलगी तिकडे कशी गेली, ते सांगतो. आमचे दाजी रामाकोन्याचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती होऊन बेळगावच्या केंद्रात आले. बाबांचं सायकलचं दुकान होतं, तासावर सायकली भाड्याने देण्याचं आणि दुरुस्तीचं. १९९२ मध्ये दाजींनी बाबांकडून एक काळी, दांडीची सायकल बांधून घेतली. पंक्चर नसतानाही हा जवान दर रविवारी दुकानात का येतो, हे बाबांच्या आधी आईच्या लक्षात आलं. १९९४ मध्ये लग्न झालं. निवृत्तीनंतर दाजी गावी परतले, तेव्हा ती सायकल नागपूरहून छोट्या लाइनच्या गाडीत घालून रामाकोन्याला नेली. ती छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली. सायकल मात्र चालू राहिली.

आणि त्याच सायकलवरून माझा भाचा पडला होता.

चित्रातली सायकल

महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर आणि तिथून बसने रामाकोना गाठलं. भाच्याचं हासळीचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधलेला, तोंड उतरलेलं. वीस वर्षांचा मुलगा, सौंसरला कॉलेजात जातो. अक्का त्याच्या उशाशी बसून होती. दाजी अंगणात पाठमोरे उभे होते आणि मुलाशी एक शब्द बोलत नव्हते.

सायकल पडवीत होती. मी ती लगेच ओळखली नाही. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, घोडा, घंटी सगळं काढलेलं. काळा रंग खरवडून वर पिवळा स्प्रे मारलेला. आणि ब्रेक? पुढचा नाही, मागचाही नाही.

“मामा, याला फिक्सी म्हणतात,” भाचा पडल्या पडल्या म्हणाला. “फिक्स्ड गिअर. तिला ब्रेक लागत नाही.”

त्याने मोबाइलवर परदेशातल्या अशा सायकली पाहिल्या होत्या. बारीक, चकचकीत, वायरी नाहीत, काही नाही. तसली विकत घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून बापाची सायकल घेतली, एका वेल्डिंगच्या दुकानात मागच्या चाकाचं फ्रीव्हील वेल्ड करून घेतलं आणि ब्रेक काढून टाकले. खर्च फार तर शंभर-दीडशे रुपये. आठ दिवस सायकल झकास चालली. नवव्या दिवशी गावाबाहेरच्या उतारावर वेग कमी करायला त्याने पायडल मागे दाबलं आणि वेल्ड केलेलं फ्रीव्हील हबवरून सुटून फिरायला लागलं. पायाखालची चेन सैल पडली. समोरून शाळा सुटलेल्या मुली येत होत्या. त्याने हँडल कपाशीच्या शेताकडे वळवलं.

हे शेवटचं वाक्य तो हळू आवाजात बोलला. मी दाजींकडे पाहिलं. त्यांनी ते ऐकलं होतं, पण वळून पाहिलं नाही.

फिक्स म्हणजे काय

वाचकहो, आपली नेहमीची सायकल उतारावर पायडल न मारता धावते आणि मागून टिकटिक आवाज येतो. हा आवाज फ्रीव्हीलच्या आतल्या दोन छोट्या खुट्यांचा. मिस्त्री लोक त्यांना ‘कुत्री’ म्हणतात. पुढे पायडल मारलं की ही कुत्री दातांत अडकून चाक ओढतात, थांबलं की दातांवरून घसरतात. फिक्स सायकलला कुत्री नाहीत. मागचं दातेरी चक्र चाकाला घट्ट जोडलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. पाय थांबवायचा जोर लावला की चाकही मंदावतं, म्हणून तिला ब्रेक नको असं तरुणांना वाटतं.

ही काही नवी टूम नव्हे. पायडलच्या पहिल्या सायकली अशाच होत्या. फ्रीव्हीलचा प्रसार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू झाली, त्या काळातले स्पर्धकही फिक्स चाकावर धावले. पुढे ही सायकल धावपट्टीवर, म्हणजे व्हेलोड्रोममध्ये राहिली. पुण्यात बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी असा ट्रॅक बांधला, दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी लाकडी ट्रॅक झाला. आपल्या विजापूर-बागलकोटकडची मुलं-मुली वर्षानुवर्षं राष्ट्रीय सायकल स्पर्धांत पदकं आणतात, त्यांतली ट्रॅकवर उतरणारी याच सायकलवर बसतात. रामाकोन्यापासून फार लांब नसलेल्या भंडारा जिल्ह्यातली मयूरी लुटे भारताकडून ट्रॅकवर धावली, तीही याच सायकलवर.

पण ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. समोरून म्हैस येत नाही, शाळा सुटत नाही, आणि कुणाच्याच सायकलला ब्रेक नसल्यामुळे पुढचा एकदम थांबत नाही. तिथे ब्रेक नसणं हीच सोय असते. रस्त्यावर त्याचा उलटा अर्थ होतो. २०१६ मध्ये लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलची धडक बसून एका स्त्रीचा जीव गेला आणि २०१७ मध्ये त्या तरुणाला दीड वर्षाची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या फिक्स सायकलला निदान पुढचा ब्रेक हवाच, असा नियम आहे.

आणखी एक साधा हिशेब मी भाच्याला कागदावर करून दाखवला. दाजींच्या सायकलला पुढे ४४ दात, मागे १८. पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. ताशी ३० किलोमीटर वेग असेल तर पाय मिनिटाला नव्वदच्या वर फिरतात. उतारावर तोच वेग ४५ झाला की मिनिटाला १३५ च्या पुढे. त्या गतीने फिरणाऱ्या पायांनी सायकल थांबवायची म्हणजे चालत्या जात्यात हात घालून ते थांबवण्यासारखं आहे. रामाकोन्याच्या पुढे उमरानाल्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. भाच्याला पुढच्या आठवड्यात तिथे जायचं होतं, हे त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. अक्काला अजून सांगितलेलं नाही. हा अंक तिच्याकडे जातो, तेव्हा आता कळेल.

मिस्त्रीचं म्हणणं

गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे सायकल घेऊन गेलो. त्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं.

“भाऊ, पोरानं पयले माह्याकडंच आणली होती,” ते म्हणाले. “मी म्हटलं, वेल्डिंग करून नाही देत. मंग तो गेला दुसरीकडे.”

मी विचारलं, “तुम्ही कधीच करून दिली नाही?”

मिस्त्री हसले. आपल्याकडे पूर्वी सात दिवस सायकलवरून खाली न उतरणारा माणूस यायचा, आठवतो ना? मैदानात बांबू रोवून गोल आखायचा, कर्ण्यावर गाणी लावायची, तो माणूस अंघोळ, दाढी, जेवण सगळं सायकलवरच करायचा. रात्री उलटी सायकल चालवून दाखवायचा, एका जागी उभी करून दाखवायचा. बेळगावात आम्ही बाबांच्या खांद्यावर बसून पाहिला होता. तसे लोक इकडेही यायचे. त्यांची सायकल मिस्त्री फिक्स करून द्यायचे, कारण फ्रीव्हीलवर उलटं जाता येत नाही.

“पण तो गोल मैदानात फिरे. उतारावर नाही जात होता. अन् दररोज सकाळी माह्याकडून आटे तपासून घे.”

सगळी गोम त्या आट्यांत आहे. साध्या हबवर फ्रीव्हील बसतं ते सुलट्या आट्यांवर. पुढे पायडल मारलं की ते आणखी आवळतं. म्हणूनच नेहमीच्या सायकलचं फ्रीव्हील काढताना मिस्त्रीला घाम फुटतो. पण ते वेल्ड करून फिक्स केलं आणि मागे जोर दिला, की तोच जोर आटे सोडवायला लागतो. वेल्ड टिकलं तरी आटे टिकत नाहीत. शिवाय वेल्डच्या आचेने पोलादाचं पाणी उतरतं, ते वेगळंच. खऱ्या फिक्स हबला म्हणून दोन पायऱ्या असतात. आतल्या मोठ्या पायरीवर सुलटे आटे, त्यावर दातेरी चक्र. बाहेरच्या छोट्या पायरीवर उलटे आटे, त्यावर लॉकरिंग. चक्र सुटायला लागलं की ते लॉकरिंगला ढकलतं, आणि उलट्या आट्यांमुळे लॉकरिंग आणखी घट्ट होतं. चक्राने माघार घेतली की लॉकरिंग त्याला धरून ठेवतं.

मी मिस्त्रींना विचारलं, “आता काय करायचं? पोराला पुन्हा हीच हवी आहे.”

“मंग धड करा,” ते म्हणाले. “पोर ऐकत नाही तं सामान तरी ऐकणारं घ्या.”

कुठे वाचवायचं, कुठे नाही

घरी येऊन मी, भाचा आणि अक्का अशा तिघांनी यादी केली. दाजी ऐकत होते. भाच्याकडे शिल्लक होती सहा हजार रुपये. अक्का म्हणाली, त्याच्या वर एक रुपया मिळणार नाही, “साकु.” कमी पैशांत भरवशाचं सामान कसं घ्यायचं, याचा आम्ही जो धडा गिरवला तो इथे देतो. कुणाच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर उपयोगी पडेल.

फ्रेम बदलायची गरज पडली नाही. आपल्या जुन्या दांडीच्या सायकलच्या मागच्या खाचा मागच्या बाजूला उघडतात. चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येते, आणि फिक्स सायकलला नेमकं हेच लागतं. गिअरच्या नव्या सायकलींत ही सोय बहुधा नसते. पोलादी फ्रेम असल्याने मागच्या दोन कानांतलं अंतर दोन-चार मिलिमीटर ताणूनही घेता येतं. ट्रॅकच्या हबना साधारण १२० मिलिमीटर अंतर लागतं. खरेदीला निघण्यापूर्वी हे पट्टीने मोजून घ्या.

चेनही महाग लागत नाही. अर्धा इंच टप्प्याची आणि एक अष्टमांश इंच रुंदीची साधी चेन आपल्या दांडीच्या सायकलला चालते, तीच ट्रॅकच्या सायकलला चालते. फक्त नवी घ्या आणि नावाजलेल्या कारखान्याची घ्या. गिअरच्या सायकलची अरुंद चेन यावर चढवू नका. चेन झिजली की नाही ते शाळेतल्या पट्टीने कळतं. चेनचे बारा पूर्ण जोड बरोबर बारा इंचांत बसले पाहिजेत. एक सोळांश इंच जास्त भरले की चेन बदलायची. तेव्हा नाही बदलली तर दातही झिजतात, आणि खर्च तिप्पट होतो. पुढचं चेनव्हील आणि क्रँक जुनीच ठेवली, पण कॉटर पिना नव्या घेतल्या. फिक्समध्ये क्रँकवर पुढून-मागून असा दोन्ही बाजूंनी जोर येतो. झिजलेली पिन आधी टकटक करते, मग दगा देते. पिन स्वस्त मिळते. त्यात काटकसर करणारा माणूस शहाणा नव्हे.

हब, दातेरी चक्र आणि लॉकरिंग या तिघांवर मात्र पैसे खर्च करायचे. आमच्या एकूण खर्चातला जवळजवळ निम्मा भाग यांवरच गेला. हे सामान रामाकोन्यात मिळत नाही, नागपुरातही एका दुकानात नाही तर चौथ्यात मिळालं. हब हातात घेऊन दोन पायऱ्या आहेत का ते पाहायचं. लॉकरिंग उलट्या दिशेने फिरवून हाताने शेवटपर्यंत बसतं का ते दुकानातच बघायचं. चक्राचे आटे १.३७ इंचाचे, इंचाला २४. आपल्या गावठी फ्रीव्हीलचंही माप हेच. इंग्रजांनी ठरवलेलं हे माप लुधियानाच्या कारखान्यांनीही चालवलं आणि जपानी लोकांनीही. जपानमध्ये १९४८ पासून केइरिन नावाच्या सायकल शर्यती चालतात, त्यांवर पैज लागते, म्हणून सायकलचा प्रत्येक भाग तपासून शिक्का मारलेला असावा लागतो. तिथल्या महागड्या चक्राचे आटे आणि आपल्या बाजारातल्या फ्रीव्हीलचे आटे एकाच मापाचे. म्हणूनच काही जण साध्या हबवर खरं चक्र चढवून वर लॉकरिंगऐवजी काहीतरी जुगाड करतात. तो जुगाड करू नका. चक्र चांगलं असून भागत नाही, त्याला धरणारे उलटे आटे हबवर असावे लागतात.

इथे एक अडचण आली, ती सांगतो, म्हणजे तुमचा हेलपाटा वाचेल. आपल्या जुन्या सायकलींना पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० तारा असतात. ट्रॅकचे हब बहुधा ३२ नाहीतर ३६ भोकांचे. म्हणजे जुन्या मागच्या रिमला नवा हब बसत नाही. रिम नवी, तारा नव्या, टायर-ट्यूब नवं. हा खर्च आम्ही आधी धरलाच नव्हता. हब घेण्यापूर्वी भोकं मोजा.

ब्रेकच्या बाबतीत मी अडून बसलो. पुढचं चाक जुनं ठेवलं तर जुना दांड्याचा ब्रेक परत लावता येतो, नवी फक्त रबरं लागतात. भाच्याने ब्रेकचे सुटे भाग फेकून दिले असतील अशी मला भीती होती. ते अक्काच्या कोठीत, रद्दीच्या पिशवीत निघाले. तिनेच उचलून ठेवले होते. दोन ब्रेक लावता आले तर दोन लावा. एकच लावणं शक्य असेल तर तो पुढचा. आणि पोलादी रिमवर पावसात रबर नीट धरत नाही, म्हणून पावसात ही सायकल काढायची नाही, असं ठरलं.

रंग, हँडलची टेप, रंगीत टायर असं सगळं आम्ही यादीतून काढून टाकलं. भाच्याच्या चेहऱ्यावरून कळलं की टेप काढताना त्याला जरा दुःख झालं. दिवाळीला मी ती घेऊन दिली.

एकूण बिल साडेपाच हजारांच्या आत बसलं. भाव पुढेमागे होतात, पण प्रमाण लक्षात ठेवा. जे तुम्हाला धरून ठेवतं त्यावर पैसे घाला, जे नुसतं दिसतं त्यावर नंतर बघू.

चाळीस तारा

आता राहिलं चाक बांधणं. भाच्याचा हात गळ्यातून निघायला दीड महिना गेला. दिवाळीच्या सुमाराला मी पुन्हा गेलो, सोबत बाबांचा तारांचा पान्हा घेऊन. बाबा जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचं दुकान आता नाही, पान्हा आहे.

जुनं मागचं चाक उघडायचं होतं. त्यातल्या चाळीस तारा बाबांनी १९९२ मध्ये विणल्या होत्या. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि चाकाचा आऊट काढताना दिवा धरायचं काम माझं होतं. इतक्या वर्षांत त्या चाकाचा आऊट क्वचितच काढावा लागला, असं दाजी नेहमी सांगायचे. आता रिमला हात लावला आणि माझं मन होईना. नवीन चाक वेगळं बांधायचं होतं, जुनं उघडायचं काहीच कारण नव्हतं. पण हबच्या आतले कोन आणि छर्रे काढून पाहायचे, हा बहाणा मी स्वतःशीच केला होता.

दाजी अंगणातून आत आले. त्यांनी माझ्या हातातलं चाक घेतलं, कपड्याने पुसलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. “हे राहू दे,” म्हणाले. मग खाली बसले, नवी रिम मांडीवर घेतली आणि मुलाकडे न बघता हात पुढे केला. भाच्याने त्या हातात पहिली तार ठेवली.

दोन तास बाप-लेक चाक विणत होते. शब्द एक नाही. दाजी हात पुढे करत, भाचा तार देत होता. मी दिवा धरला. छत्तीसावी तार बसली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. मग चक्राच्या आट्यांना ग्रीस लावून ते आवळलं, वर लॉकरिंग बसवलं. चेन आणि दोन्ही दातेरी चाकं एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून पाहिलं. चेनला मध्यावर अर्धा इंच झोळ ठेवला. भाचा पुढचा ब्रेक बसवत होता.

दाजींनी वाकून पाहिलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मुलाशी बोलले, “रबर उलटं लावलंस.”

भाच्याने ते सुलटं केलं. अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, “पानं वाढलीत.”

दुसऱ्या दिवशी भाच्याने चढावर सायकल जोर देऊन चालवली, म्हणजे चक्र हबवर पक्कं बसतं. घरी येऊन लॉकरिंग पुन्हा आवळलं. पहिले आठ दिवस रोज सकाळी ते तपासायचं, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. भाचा ते करतो. चाक फिरत असताना चेनला बोट लावायचं नाही, हे मीही बजावलं. फिक्स सायकलमध्ये चेनमध्ये सापडलेलं बोट परत येत नाही. चेन पुसायची तर चाक स्थिर ठेवून, थोडं थोडं हाताने सरकवून.

घाटात मात्र ही सायकल न्यायची नाही, असं भाच्याने आपणहून कबूल केलं. सकाळी गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर फेरी मारतो. पुढे पुण्याला ट्रॅकवर एकदा उतरायचं, असं त्याच्या मनात आहे. उतरेल तेव्हा तिथे ब्रेक काढायला मी स्वतः मदत करीन.

आपल्या घरातली मुलं मोबाइलवर काय काय बघतात आणि जुन्या वस्तूंवर हत्यार चालवतात, म्हणून आपण चिडतो. चिडायचंही. पण चिडून झाल्यावर एकदा त्यांच्याबरोबर दुकानात जायला हवं. कमी पैशांत काय घ्यावं हे पोरांना बरोबर कळतं. भरवशाचं काय, हे मात्र कुणीतरी हातात घेऊन दाखवावं लागतं. बाबा मला गिऱ्हाइकासमोर सांगायचे, “आधी आटे हाताने बसव, मग पान्हा लाव.” हाताने न बसलेले आटे पान्ह्याने आवळले की चिरडतात, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही सायकलपुरतंच नव्हे.

परवाच्या रविवारी अक्काचा फोन वेळेवर आला. भाचा फेरी मारून आला होता.

“ब्रेक आहे ना गं?” मी विचारलं.

“हौदु,” अक्का म्हणाली. “आणि तुझे दाजी मागून स्कूटरवर गेले होते. त्याला ठाऊक नाही.”